त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणारे खड्डे : रिसॉर्ट वसाहतीतील खासगी रस्त्यांचे निदान आणि दुरुस्ती

रिसॉर्ट वसाहतींच्या अंतर्गत रस्त्यांची तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. हंगाम तोंडावर आला की खड्डे बुजवले जातात, वर मुरूम नाहीतर खडी पसरून रोलर फिरवला जातो, पाहुणे येतात तेव्हा रस्ता नीटनेटका दिसतो आणि एक पावसाळा सरला की ये रे माझ्या मागल्या. बारकाईने पाहिले तर खड्डे नवे नसतात. मागच्याच वळणावर, त्याच फाटकासमोर, चढाच्या पायथ्याशी त्याच ठिकाणी ते परतलेले असतात. माल वाईट होता, ठेकेदाराने फसवले, ट्रक फार झाले, अशी कारणे सभेत पुढे येतात आणि त्यांत काही तथ्य असतेही. परंतु केवळ माल वाईट असता तर रस्ता सगळीकडे सारखाच उखडला असता. जो रस्ता शंभर मीटर चांगला राहतो आणि ठरावीक दहा मीटरांत दरवर्षी फुटतो, त्याच्या त्या दहा मीटरांत किंवा त्यांच्या वरच्या अंगाला कुठेतरी पाणी अडते किंवा मुरते, असे गृहीत धरूनच तपास सुरू करावा.

या वसाहतींची आणखी एक अडचण आहे, तिचा विचार सहसा होत नाही. बहुतेक बंगलेधारक सुट्टीत, म्हणजे चांगल्या हवेत येतात आणि रस्ता मात्र वाईट हवेत बिघडतो. त्यामुळे सभेत निर्णय घेणाऱ्यांपैकी फारच थोड्या जणांनी तो रस्ता भर पावसात पाहिलेला असतो. त्यांना दिसतो तो खड्डा, खड्डा पाडणारे पाणी दिसत नाही. पहारेकरी, माळी आणि दूध किंवा गॅस पोहोचवणारी माणसे यांना मात्र पाणी कुठून येते आणि कुठे थांबते हे तोंडपाठ असते. कोणत्याही सल्लागाराला बोलावण्याआधी त्यांना विचारावे.

पाहणी पावसातच करावी

एखादी जोरदार सर सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली की छत्री घेऊन रस्त्याच्या सर्वांत उंच टोकापासून खाली चालत यावे. या चालण्यात रस्त्याकडे कमी आणि पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे: ते रस्त्यावर नेमके कोठून चढते, किती अंतर रस्त्याच्या अंगावरूनच वाहते, कोठे ओलांडते आणि कोठे साचते. प्रत्येक ठिकाणी भूखंड क्रमांकाची खूण दिसेल असे छायाचित्र घ्यावे, कारण महिनाभराने सगळी डबकी सारखीच दिसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तोच फेरा पुन्हा करून कोणते पट्टे अजून ओले आहेत ते नोंदवावे. जिथे बाकी रस्ता वाळूनही माती ओलीच राहते, तिथे पाणी वरून आलेले नसून खालून किंवा बाजूने झिरपत असते, आणि त्यावर उपाय वेगळा असतो.

पाण्याचे प्रमाण किती असते याची कल्पना नसेल तर एक साधा हिशेब करून पाहावा. 5 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब रस्त्याचे क्षेत्रफळ 1,000 चौरस मीटर होते. त्यावर अवघा एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी 10,000 लिटर पाणी जमते. यात वरच्या टेकडीवरून, छपरांवरून आणि फरसबंद अंगणांतून येणारे पाणी धरलेलेच नाही. एवढ्या पाण्याला निश्चित वाट दिली नाही, तर ते स्वतःची वाट रस्त्यातूनच काढते.

कोरड्या हंगामातही एक फेरी हवी आणि रिसॉर्ट वसाहतीत तर ती फारच उपयोगी पडते. महिनाभर पाऊस नसताना रस्त्याचा एखादा तुकडा ओलसर असेल, त्यावर शेवाळ किंवा हिरवे गवत असेल, तर कारण जवळच्या हिरवळीचे फवारे, जलतरण तलावाचे सांडपाणी, गळकी जलवाहिनी किंवा शोषखड्डा यांपैकी एक असते. फवाऱ्याचे तोंड थोडे फिरवले आणि तलाव रिकामा करण्याची नळी रस्त्याऐवजी चरीत सोडली, तर कधीकधी एक पैही खर्च न होता वर्षानुवर्षांचा खड्डा थांबतो. अशा ठिकाणी खडी ओतत राहणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

रस्त्याचा आकार मोजावा

पाणी रस्त्यावरून झटकन उतरण्यासाठी रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता असावा लागतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्याला 2 ते 2.5 टक्के आडवा उतार पुरतो. खडीमुरमाच्या रस्त्याला मात्र 4 टक्क्यांच्या आसपास, फार तर 6 टक्के लागतो, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि पाणी त्यावर रेंगाळते. 5 मीटर रुंदीच्या मुरमी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे 10 सेंटिमीटर उंच हवा, असा याचा अर्थ होतो. हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही. सरळ फळी, पाणसळ आणि मोजपट्टी घेऊन दर वीस मीटरांवर मध्यापासून कडेपर्यंतचा उतार लिहून काढावा. जिथे रस्ता सपाट झाला आहे, तिथेच खड्ड्यांची रांग आहे असे बहुतेक वेळा आढळते. वळणावर किंवा डोंगरउतारावर दोन्हीकडे उतार देण्याऐवजी पूर्ण रुंदीला एकाच बाजूला उतार देणेही चालते. पण मग तो कोणत्या बाजूला आहे आणि तिथे पाणी घेणारी चर आहे का, याची खात्री करून घ्यावी.

यातच एक दोष असा आहे की तो जवळून पाहिल्याखेरीज लक्षात येत नाही. ग्रेडर किंवा जेसीबीने रस्ता वारंवार घासल्यावर कडेला मालाचा एक बुटका बांध उरतो. त्यावर गवत वाढते, वाऱ्याने आलेली माती अडकते आणि दोन-तीन वर्षांत तो बोटभर किंवा वीतभर उंच होतो. मधला उंचवटा उत्तम असतो, चरही स्वच्छ असते, परंतु मधून उतरलेले पाणी या बांधाला अडते आणि चरीत न पडता रस्त्याच्या कडेनेच चरीला समांतर वाहू लागते. पावसात उभे राहिले तर एकाच दिशेने जाणारे दोन पट्टे दिसतात: एक गढूळ, रस्त्यावरून जाणारा, आणि त्याच्या बाजूला चरीतला जवळजवळ कोरडा पट्टा. गढूळ प्रवाहात वाहून जाते ती आपणच गेल्या वर्षी पसरलेली बारीक माती. हा बांध सोलून काढणे हे एका दिवसाचे काम असते, आणि नव्या खडीच्या कित्येक गाड्यांपेक्षा त्याचा परिणाम अधिक टिकतो. सोललेला गवताळ माल मात्र रस्त्यावर पुन्हा पसरू नये, कारण त्यातील मुळे कुजली की तिथे पोकळी राहते.

चर, फाटके आणि मोऱ्या

बाजूची चर केवळ रस्त्यावरचे पाणी वाहून नेण्यासाठी नसते. रस्त्याच्या थरांत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यासाठीही ती लागते. म्हणून चरीचा तळ खडीच्या सर्वांत खालच्या थरापेक्षा किमान 30 सेंटिमीटर खोल असावा आणि तिला लांबीच्या दिशेने निदान अर्धा ते एक टक्का उतार असावा. त्याहून सपाट चर गाळाने भरते. 5 टक्क्यांहून तीव्र उताराची मातीची चर उलट खणली जाते, म्हणून तिला दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) करावे किंवा ठरावीक अंतरावर दगडांचे छोटे अडथळे बांधावेत. चर जिथे संपते तिथून पुढे पाणी कुठे जाते हेही पाहावे. शेजाऱ्याच्या भूखंडात सोडलेले पाणी पुढे रस्त्याच्या नाही तरी भांडणाच्या रूपाने परत येतेच.

आता फाटकांविषयी. वसाहतीचा मूळ आराखडा पाहिला तर चर अखंड काढलेली असते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक बंगलेधारक आपली गाडी आत नेण्यासाठी फाटकासमोर चरीवर काहीतरी टाकतो. कोणी व्यवस्थित नळ टाकून वर काँक्रीट करतो, कोणी बागेतून उरलेला राडारोडा भरतो, आणि कोणी अंगणाला सुंदर फरशी बसवताना तिचा उतार थेट रस्त्याकडे काढतो. अशा भरलेल्या फाटकापाशी चरीतले पाणी उसळून रस्त्यावर येते आणि पुढच्या एखाद्या फाटकापर्यंत रस्त्यावरूनच वाहते. खड्डा पडतो तो खालच्या बंगल्यासमोर, तक्रार करतो तो खालचा मालक, आणि कारण असते दोन भूखंड वर. म्हणून निदान करताना खड्ड्यापासून उताराच्या वरच्या दिशेने चालत जाऊन पहिला अडथळा सापडेपर्यंत थांबू नये. हा प्रश्न कायमचा सोडवायचा तर प्रवेशमार्गाचा एकच नमुना समितीने ठरवून द्यावा, म्हणजे नळाचा व्यास, त्याची पातळी आणि अंगणाचा उतार रस्त्यापासून निदान पहिले दोन मीटर उलटा, अशा तीन गोष्टी. आणि बांधकामाला परवानगी देतानाच त्या लेखी घ्याव्यात. नंतर सांगितलेले कोणी ऐकत नाही, आणि फोडलेली फरशी कोणाला आवडत नाही.

रस्त्याखालून जाणाऱ्या नळमोऱ्यांच्या बाबतीत पैसे वाचवण्यासाठी छोटा नळ टाकण्याचा मोह होतो. त्याच उतारावर नळाचा व्यास दीडपट केला की त्याची वहनक्षमता जवळजवळ तिप्पट होते, म्हणजे 300 मिलिमीटरऐवजी 450 मिलिमीटरचा नळ घेतल्याने मिळणारा लाभ वाढीव खर्चाच्या मानाने फार मोठा आहे. शिवाय छोटा नळ पालापाचोळ्याने तुंबतो आणि तो साफ करायला फावडे आत जात नाही. नळावर किमान 30 सेंटिमीटर दाबलेला भराव असावा. नळ पाण्याच्या मूळ वाहत्या तळाच्या पातळीवरच बसवावा, वर ठेवला तर अलीकडे डबके होते आणि खाली ठेवला तर तो गाळाने भरतो. बाहेर पडणाऱ्या तोंडाशी दगडांची पसरण केली नाही तर पाणी तिथे घळ पाडते आणि ती घळ हळूहळू मागे सरकत रस्त्याच्या भरावापर्यंत पोहोचते. मोरीच्या वर रस्ता खचलेला दिसला तर खड्डा बुजवण्याआधी विजेरी घेऊन नळात डोकवावे. सांधा निसटून भरावाची माती आत गळत असेल तर वर कितीही खडी टाकली तरी ती नळातूनच निघून जाणार.

खडीमुरमाचा रस्ता : खड्डा बुजवू नये, रस्ता उकरावा

खडीमुरमाच्या रस्त्यावरील खड्ड्यात सुटा माल टाकून तो चोपणे ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी टिकणारी दुरुस्ती आहे. खड्ड्याचा तळ व कडा चाकांनी घट्ट दाबलेल्या असतात, नवा माल त्यांना जोडला जात नाही, आणि पहिल्याच पावसात चाक तो बाहेर फेकते. योग्य पद्धत अशी की त्या भागातील सर्वांत खोल खड्ड्याच्या तळापर्यंत किंवा त्याहून किंचित खाली संपूर्ण रुंदी उकरावी, आवश्यक असेल तिथे नवा माल मिसळावा, मधला उंचवटा साधून पसरावे आणि पाणी मारून दाबावे. एकेक खड्ड्याच्या हिशेबाने पाहिले तर हे महाग वाटते, म्हणूनच ते केले जात नाही.

दाबण्याच्या वेळी मालातील ओलावा निर्णायक असतो. 1933 साली अमेरिकी अभियंता प्रॉक्टर यांनी दाखवून दिले की एकाच दाबणीने माती सर्वाधिक घट्ट होते ती एका विशिष्ट ओलाव्याला; त्याहून कोरडी असेल तर कण सरकत नाहीत आणि अधिक ओली असेल तर कणांमधली जागा पाणीच अडवते. जागेवर अंदाज घ्यायचा तर मूठभर माल आवळावा: गोळा बनून तो टिकला, तळहात केवळ ओलसर झाला आणि गोळा सोडल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला, तर ओलावा ठीक आहे. बोटांतून पाणी निघाले तर रोलर उभाच ठेवावा. सुट्या मालाचा थर एका वेळी 15 सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. हलक्या रोलरने जाड थर दाबला की वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालचा भाग भुसभुशीतच राहतो.

मालाची निवड करताना एक गफलत सर्रास होते. पायाच्या थरासाठी वापरली जाणारी स्वच्छ खडी दिसायला चांगली म्हणून वरच्या थरालाही तीच टाकली जाते. पायात पाणी निचरून जाणे महत्त्वाचे, म्हणून तिथे बारीक माती कमी हवी; वरच्या थरात मात्र खडे एकमेकांना धरून राहण्यासाठी 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारे बारीक कण साधारण 8 ते 15 टक्के हवेत आणि ते थोडे चिकणही हवेत. चिकणपणा अजिबात नसेल तर खडी चाकांखाली सुटी होऊन कडेला जाते आणि रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उमटतात. फार झाला तर पावसात चिखल होतो. मूठभर माल काचेच्या बरणीत भरपूर पाण्यासह हलवून रात्रभर ठेवला तर खडे, वाळू आणि गाळ असे थर वेगळे दिसतात. प्रयोगशाळेच्या चाचणीची जागा ही बरणी घेऊ शकत नाही, पण गाडी परत पाठवायची की नाही एवढे ती नक्की सांगते.

त्या आडव्या वळ्यांविषयी थोडे अधिक. त्या गाडीच्या स्प्रिंगमुळे पडतात असा समज आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाळूच्या गोल फिरत्या थाळीवर साधे चाक चालवून असे दिसले की स्प्रिंग नसतानाही, ठरावीक वेगाच्या वर, वळ्या आपोआप तयार होतात. यावरून वेग कमी ठेवल्याने त्या उशिरा येतील हे खरे. परंतु खडीच्या रस्त्यावर गतिरोधक बांधला की त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रेक आणि वेगवाढ यांमुळे त्याच वळ्या हमखास येतात, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना गतिरोधक हवाच आहे त्यांनी त्याच्या मागेपुढे काही मीटर पक्का पृष्ठभाग करावा. धुळीचेही तसेच. उडणारी धूळ म्हणजे वरच्या थरातील बांधून ठेवणारा बारीक भागच असतो, म्हणून पाणी मारणे हे केवळ पाहुण्यांच्या सोयीचे काम नाही. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओलावा धरून ठेवते आणि धूळ अनेक आठवडे दाबते. मात्र ते झाडांच्या मुळांशी, विहिरीजवळ किंवा ओढ्याकाठी वापरू नये.

जिथे चिखल खालून वर येतो आणि टाकलेली खडी दरवर्षी गिळली जाते, तिथे दोष वरच्या थराचा नाही. खालची मऊ चिकणमाती आणि खडी एकमेकींत मिसळत असतात. अशा पट्ट्यात वरची मऊ माती काढून उरलेल्या तळावर आधी जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरावे आणि त्यावर खडी घालावी. कापड पाणी जाऊ देते, माती आणि खडी मात्र वेगळी ठेवते. ओली झाल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी माती असेल तर तिच्यात चुना मिसळून ती आधी स्थिर करण्याचा पर्याय अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

चढाचा भाग सगळ्यात आधी वाहून जातो. तिथे पाणी रस्त्याच्या लांबीने वेग घेत असल्यामुळे केवळ मधला उंचवटा पुरेसा पडत नाही. रस्त्याला तिरके, उथळ आणि रुंद खोलगे देऊन पाणी थोड्या थोड्या अंतरावर बाहेर काढावे लागते, आणि चढ जितका तीव्र तितके हे खोलगे जवळ. फार तीव्र चढावर खडी टाकत राहण्यापेक्षा तेवढाच तुकडा काँक्रीटचा करणे किंवा निदान चाकांखाली काँक्रीटचे दोन पट्टे टाकणे शहाणपणाचे ठरते. संपूर्ण रस्ता एकाच प्रकारचा असला पाहिजे असा कुठे नियम नाही.

डांबरी रस्ता : भेगांची भाषा

डांबरी रस्त्यावर सुसरीच्या कातडीसारख्या जाळीदार भेगा दिसल्या तर पाया दबला आहे असे समजावे. त्यावर नवा पातळ थर चढवला तर त्याच भेगा लवकरच वर उमटतात. एवढा भाग पायासकट काढून नव्याने भरावा लागतो. कडेला समांतर जाणारी भेग बहुधा बाजूपट्टी खचल्याने पडते, म्हणजे डांबराला कडेचा आधार उरलेला नसतो. तिथे आधी बाजूपट्टी भरून दाबावी. रस्ता ओलांडून जाणारी सरळ, खचलेली रेघ दिसली तर जुन्या खोदकामाची आठवण कोणाला आहे का ते विचारावे. सुट्या एकट्यादुकट्या भेगा कोरड्या हवेत साफ करून भरून टाकल्या की काम भागते, आणि ते लहान असतानाच करावे. थंड प्रदेशात तर याला पर्याय नाही, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि भेग आतून रुंदावते.

खड्डा भरताना कडा सरळ उभ्या कापाव्यात, आतील पाणी आणि सुटा भाग काढावा, तळाला व कडांना पातळ डांबर लावावे आणि थर लावत दाबावे. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डांबरमिश्रण टाकण्याचे काम कोणी करू लागले तर ते तिथेच थांबवावे. गरम मिश्रण 80 अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की त्यानंतर रोलर फिरवून फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे डांबरमिश्रण बनवणाऱ्या प्रकल्पापासून लांब असलेल्या वसाहतीत ट्रकवर ताडपत्री होती का आणि माल पोहोचला तेव्हा त्याचे तापमान किती होते, या नोंदीला महत्त्व आहे. नीट न दाबलेल्या थरात हवेची पोकळी 8 टक्क्यांहून अधिक राहिली तर पाणी त्यातून झिरपू लागते; वरून काळाभोर दिसणारा रस्ता मग आतून भिजत राहतो.

खडीचा रस्ता डांबरी करण्याचा ठराव अनेकदा खड्ड्यांना कंटाळून मांडला जातो. माझ्या मते हे त्याचे सर्वांत कमकुवत कारण आहे. ज्या रस्त्याच्या चरी, मोऱ्या आणि आडवा उतार दोन पावसाळे निर्दोष राहिले आहेत, त्यालाच डांबर चढवावे. नाहीतर तेच खड्डे अधिक महाग पृष्ठभागावर पडतात आणि ते ग्रेडरने सरळही करता येत नाहीत.

जड वाहने आणि खोदकाम

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात प्रत्यक्ष ट्रक चालवून रस्त्यांची जी मोठी चाचणी घेण्यात आली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरला जातो: रस्त्याची हानी ॲक्सलवरील, म्हणजे समोरासमोरची चाके जोडणाऱ्या आसावरील, भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सोळापट. मोटारीच्या एका ॲक्सलवर पाऊण टन आणि भरलेल्या ट्रकच्या ॲक्सलवर साडेसात टन धरले, तर ट्रकचा एक ॲक्सल मोटारीच्या ॲक्सलच्या दहा हजारपट हानी करतो. त्यामुळे पाहुण्यांच्या गाड्यांची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही. एका नव्या बंगल्याचे बांधकाम अनेक वर्षांच्या पर्यटकांपेक्षा रस्त्याला जड जाते. रेती, विटा आणि तयार काँक्रीट घेऊन येणाऱ्या वाहनांना एकच मार्ग नेमून द्यावा, रस्ता ओला असताना भरलेली वाहने आत घेऊ नयेत, आणि बांधकाम करणाऱ्याकडून आधी अनामत घेऊन काम सुरू होण्यापूर्वीची रस्त्याची छायाचित्रे दोघांच्या सहीने ठेवावीत.

जलवाहिनी किंवा केबलसाठी रस्ता फोडल्यावर खणलेली चारी थराथराने दाबून भरली नाही तर ती पुढची काही वर्षे खचत राहते. नवा थर टाकण्याआधी रस्ता ओलांडणारे रिकामे नळ ठरावीक ठिकाणी टाकून ठेवले आणि त्यांची जागा नकाशावर नोंदवली, तर पुढचे बरेच खोदकाम टळते.

वर्गणी आणि करार

जे वर्षातून थोडेच दिवस येतात ते रस्त्याची पूर्ण वर्गणी का द्यावी असे विचारतात. प्रश्न रास्त आहे, परंतु वर सांगितलेल्या कारणांपैकी बहुतेक कारणे पावसाची आहेत, वापराची नाहीत. बंद बंगल्याच्या छपरावरचे पाणीही रस्त्याकडेच येते. म्हणून चरी, मोऱ्या आणि वार्षिक देखभालीचा खर्च सर्व भूखंडांवर सारखा टाकावा आणि बांधकामाची वाहने व व्यावसायिक वापर यांच्यासाठी वेगळा आकार लावावा, ही वाटणी मला अधिक न्याय्य वाटते. राखीव निधीचा अंदाज मालावरून काढता येतो: एक किलोमीटर लांब आणि 5 मीटर रुंद मुरमी रस्त्यावरून एक सेंटिमीटर थर झिजला तर 50 घनमीटर माल गेला, आणि तो कधीतरी परत आणावाच लागणार. दरवर्षी ठरावीक ठिकाणी थराची जाडी मोजून ठेवली तर झीज अंदाजाने सांगावी लागत नाही.

ठेकेदाराच्या करारात "रस्ता दुरुस्त करणे" एवढेच लिहिले असेल तर वाद अटळ आहे. थराची जाडी दाबल्यानंतरची की सुटी, हे स्पष्ट लिहावे. 15 सेंटिमीटर सुटा थर दाबल्यावर 12 सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि फरकाचे पैसे कोणाचे यावर सभा तासन्‌तास चालतात. आडवा उतार किती, माल कोणत्या प्रतीचा, कडेचा बांध काढणे कामात धरले आहे का, हेही त्यात असावे. देयकाचा काही भाग एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवावा. काम हंगामाच्या तोंडावर न देता पाऊस संपल्यावर, जमिनीत ओलावा शिल्लक असताना द्यावे. तेव्हा दाबणीला पाणी कमी लागते आणि पुढच्या पावसाआधी रस्ता बसायला वेळ मिळतो.

एवढे करूनही तोच खड्डा परतला तर

आडवा उतार, चर, मोरी आणि माल हे चारही ठीक असताना एखादी जागा फुटतच राहिली, तर तिथे खणून पाहण्यावाचून इलाज नाही. चाकोरीतच साधारण 60 सेंटिमीटर खोल चौकोनी खड्डा घेऊन त्याची उभी भिंत स्वच्छ करावी आणि थर वाचावेत: खडी किती जाड आहे, तिच्यात माती शिरली आहे का, खाली झाडाचे मूळ, जुना राडारोडा किंवा कुजलेले लाकूड आहे का. खड्डा झाकून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तळाशी पाणी जमलेले असेल तर भूजल किंवा डोंगराच्या बाजूचा झरा वर येत आहे, आणि त्यासाठी रस्त्याच्या वरच्या अंगाला खोल चर घेऊन तिच्यात कापडाने गुंडाळलेली खडी आणि सच्छिद्र नळ टाकावा लागतो. या नळाचे तोंड उताराच्या खालच्या बाजूला उघडे सोडून त्याला जाळी बसवावी, शेजारी पक्का खांब रोवावा आणि ती जागा वसाहतीच्या नकाशावर दाखवावी, कारण गवतात हरवलेले तोंड बुजले की पाणी पुन्हा रस्त्याखालीच साठू लागते.